वायफाय मध्येच तुटतं, दांड्या पूर्ण पण नेट नाही: दोष नेमका कुठे, हे कसं ओळखायचं?

निळी_खिडकी | सोमवार, रात्री ९.४०

ठाणे, सातवा मजला, टू बीएचके, आरसीसी बांधकाम. फायबर कनेक्शन १५० एमबीपीएसचं. फायबरचा डबा वेगळा आहे आणि त्याला केबलने जोडलेला वायफाय ६ चा राउटर. दोन्ही मुख्य दाराजवळ, चपलांच्या रॅकवर ठेवलेले. राउटरच्या यूएसबीला बॅकअपची हार्ड डिस्क कायम लावलेली असते.

त्रास तीन प्रकारचा आहे:

१) आतल्या बेडरूममध्ये व्हिडिओ कॉल १०-१५ सेकंद गोठतो, मग आपोआप चालू होतो.
२) संध्याकाळी एक-दोनदा लॅपटॉप आणि टीव्ही एकदमच मिनिटभर बाहेर पडतात. फोनवर दांड्या दिसतात पण काही उघडत नाही.
३) दोन स्मार्ट बल्ब आणि एक कॅमेरा एकदा सुटले की परत जोडले जात नाहीत.

कस्टमर केअरकडून दर वेळी 'रीसेट करा' एवढंच सांगितलं जातं. तीनदा केला, फरक नाही. आता नवीन राउटर घ्यावा की मेश (घरभर ठेवलेले, एकत्र काम करणारे दोन-तीन राउटर)?

---

सह्यकडा | सोमवार, रात्री १०.२५

सध्या काहीच विकत घेऊ नका. आणि कृपा करून आता फॅक्टरी रीसेटही करू नका, कारण त्याने राउटरचा लॉग पुसला जातो, आणि तोच आपल्याला हवा आहे.

'नेट गेलं' म्हणजे दोन वेगळ्या ठिकाणांपैकी कुठेतरी गेलं. एक टप्पा लॅपटॉप ते राउटर, म्हणजे हवेतला. दुसरा राउटरपासून पुढे, फायबरचा आणि कंपनीचा. बहुतेक लोक एका टप्प्याच्या आजारावर दुसऱ्याचं औषध देत बसतात. म्हणून आधी एवढं करा:

लॅपटॉप चार्जरला लावून आतल्या बेडरूममध्ये ठेवा. चार्जरला यासाठी, की बॅटरीवर असताना वायफाय कार्ड वीज वाचवायला डुलक्या घेतं आणि आकडे फसवतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) द्या आणि 'डिफॉल्ट गेटवे'समोरचा पत्ता लिहून घ्या. तो राउटरचा, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आता दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा (छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. दोन्हीकडे '-t' हा पर्याय द्या, म्हणजे आपण थांबवेपर्यंत पिंग चालू राहतं. निदान अर्धा तास चालू द्या आणि त्यात संध्याकाळची वेळ सापडू द्या. कंट्रोल-सी दाबलं की गोषवारा मिळतो.

राउटरचंच पिंग गळत असेल, किंवा ३ मिलिसेकंदांवरून ५००-८०० वर उड्या मारत असेल, तर दोष हवेत आहे. कंपनीशी भांडून उपयोग नाही. राउटरचं पिंग सरळ आणि ८.८.८.८ चं तुटलेलं असेल तर दोष पुढे आहे: फायबर, डबा किंवा कंपनी. दोन्ही सरळ असून पानं उघडत नसतील तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून पाहा.

मग तीच चाचणी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून दहा मिनिटं करा. केबलवर सगळं स्वच्छ आलं तर शंकेला जागाच उरत नाही.

सोबत तीन गोष्टी लिहा: राउटरच्या पानावरचा (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) 'अपटाइम', म्हणजे राउटर किती वेळ न थांबता चालू आहे; सिस्टिम लॉगमधल्या त्या मिनिटाच्या ओळी; आणि २.४ व ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडचं चॅनल व चॅनल विड्थ (चॅनलची रुंदी, मेगाहर्ट्झमध्ये).

---

पारिजात७ | सोमवार, रात्री ११.०२

सिग्नलचा आकडा कुठे बघायचा? फोनवर नुसत्या दांड्या दिसतात.

---

सह्यकडा | सोमवार, रात्री ११.२०

दांड्यांवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या हिशेबाने काढतो. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप चालेल. फक्त अँड्रॉइड ९ पासून एका अ‍ॅपला दोन मिनिटांत चारच स्कॅन करता येतात, त्यामुळे आकडा जुना राहिलेला असू शकतो. जागा बदलली की अर्धा मिनिट थांबून वाचा. मॅकवर ऑप्शन दाबून वरच्या वायफाय चिन्हावर क्लिक केलं की सिग्नल, नॉइज, चॅनल सगळं दिसतं.

आकडा डीबीएममध्ये आणि ऋण असतो, शून्याच्या जेवढा जवळ तेवढा चांगला. उणे ५० उत्तम. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ पर्यंत ठीक. उणे ७५ च्या खाली गेलात की गोठणं आलंच. तीन डीबी (डेसिबल) घटले म्हणजे ताकद निम्मी, हे लक्षात ठेवा. 'पाच-सहानेच तर कमी आहे' असं म्हणण्यासारखा तो आकडा नाही.

---

निळी_खिडकी | मंगळवार, रात्री १०.१०

आकडे देतो.

बेडरूम, ५ गिगाहर्ट्झ: सिग्नल उणे ७६. राउटरचं पिंग १८०० पैकी ११२ गळाले. किमान २, कमाल ९४० मिलिसेकंद.
केबलवर: ६०० पैकी एकही गळालं नाही, सगळी १ मिलिसेकंदाच्या आत. ८.८.८.८ सुद्धा स्वच्छ.
अपटाइम: ९ दिवस.
२.४ गिगाहर्ट्झ: चॅनल ऑटो (सध्या ४), विड्थ ४०. आसपास ३१ नेटवर्कं दिसतात.
५ गिगाहर्ट्झ: चॅनल ऑटो (सध्या १००), विड्थ १६०.
लॉगमध्ये ७.५२ ला एक ओळ आहे, 'रडार डिटेक्टेड', आणि त्यानंतर चॅनल बदलल्याची.

---

सह्यकडा | मंगळवार, रात्री ११.०५

इतके नीट आकडे दिलेत की काम सोपं झालं. केबलवर स्वच्छ, म्हणजे कंपनी आणि फायबर निर्दोष. अपटाइम ९ दिवस, म्हणजे राउटर मधे बंद पडत नाही, त्याला वीज देणारा अडॅप्टरही निर्दोष. उरले तीन दोष, आणि ते तिन्ही एकमेकांना हात देतात.

पहिला, मिनिटभराचा खंड. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनल आपण रडारांसोबत वापरतो. नियम असा की राउटरने सतत कान उघडे ठेवायचे आणि रडारची चाहूल लागली की १० सेकंदांत चॅनल सोडायचं, पुढची ३० मिनिटं तिथे परतायचं नाही. नवीन चॅनलही याच पट्ट्यातलं निघालं तर त्यावर बोलायला सुरुवात करण्याआधी ६० सेकंद नुसतं ऐकत बसायचं. तुमचं ते मिनिट हेच. १६० विड्थवर चॅनल १०० म्हणजे राउटर १०० ते १२८ एवढा सगळा पट्टा धरतो, ५४९० ते ५६५० मेगाहर्ट्झ. सी-बँडची हवामान रडारं साधारण ५६०० ते ५६५० मध्ये असतात, आणि मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँडचं डॉप्लर रडार आहे. (कुलाब्याचं एस-बँडचं आहे, त्याचा या पट्ट्याशी संबंध नाही.) तुमच्या राउटरने तेच ऐकलं की दुसऱ्याच कशाला रडार समजला, हे लॉगवरून ठरत नाही, राउटर पुष्कळदा चुकूनही दचकतात. उपाय दोन्हीला एकच. विड्थ ८० करा, चॅनल हाताने ३६ किंवा १४९ ठेवा. तिथे रडारची भानगड नाही. वेग कमी होईल ही भीती सोडा: ८० विड्थवर दोन अँटेनांच्या वायफाय ६ लॅपटॉपचा हवेतला कमाल दर १२०१ एमबीपीएस असतो आणि तुमची लाइन १५० ची आहे.

दुसरा, 'दांड्या पूर्ण पण नेट नाही'. ५ गिगाहर्ट्झ बंद पडलं की फोन २.४ वर उडी मारतो, आणि तिथे तुमच्याकडे बाजार भरलाय. २.४ मध्ये चॅनल पाच-पाच मेगाहर्ट्झवर मोजले जातात पण प्रत्येकाला जागा २० लागते. म्हणून एकमेकांना न खेटणारे तीनच: १, ६, ११. चॅनल ४ हे १ वाल्यांशीही भांडतं आणि ६ वाल्यांशीही. एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट खेटणाऱ्याला ते नुसता गोंगाट समजतात, त्यामुळे ४ आणि ९ सगळ्यांत वाईट. त्यात विड्थ ४० म्हणजे जवळजवळ अर्धा बँड अडवणं. विड्थ २० करा. १, ६, ११ मध्ये ज्यावर उणे ७० पेक्षा जोरात ऐकू येणारी नेटवर्कं सगळ्यांत कमी, ते चॅनल निवडा. १२-१३ मोकळे दिसले तरी नको. अमेरिकेतून आणलेल्या लॅपटॉपला बहुधा ते दिसतच नाहीत.

आणि ती हार्ड डिस्क काढा. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट फेकतं. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. डिस्क अँटेनापासून वीतभर अंतरावर असली की राउटर लांबच्या उपकरणांना बहिरा होतो. दांड्या पूर्ण दिसतात याचं कारणही हेच: दांड्या तुम्हाला राउटर किती ऐकू येतो ते सांगतात, राउटरला तुम्ही किती ऐकू येता ते नाही. डिस्क लागणारच असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये ते पोर्ट यूएसबी २ वर चालवायची सोय आहे का पाहा.

तिसरा, बेडरूम. उणे ७६ ला कुठलंही सेटिंग पुरत नाही. राउटर हलवा.

---

गच्चीवरचा | बुधवार, सकाळी ८.१५

राउटर हलवण्याबद्दल थोडं. दाराशी ठेवलेल्या राउटरच्या एका बाजूला लोखंडी सेफ्टी डोअर आणि शेजारी विजेचा डीबी बॉक्स. अर्धा सिग्नल लिफ्टच्या लॉबीत जातो. फायबरचा डबा तिथेच राहू द्या, फायबर हलवायला लाइनमन लागतो. फक्त राउटर पुढे आणा: ८-१० मीटरची कॅट ६ केबल स्कर्टिंगच्या कडेने पॅसेजपर्यंत. पॅसेजच्या मधोमध, ५-६ फूट उंचीवर, उघड्यावर. टीव्हीच्या मागे नको, आरशाच्या मागे नको, लोखंडी कपाटावर नको.

सिग्नलच्या वाटेत बाथरूम येत असेल तर ते टाळून जागा शोधा. टाइल्स, पाइप, पाणी, गीझर, एका खोलीत सगळे शत्रू एकत्र असतात.

अँटेना उभ्या ठेवा. अँटेनाच्या टोकातून सिग्नल निघत नाही, तो मेदुवड्यासारखा आडवा पसरतो. टोक बेडरूमकडे रोखून धरलं तर बेडरूमच्या वाट्याला वड्याचं भोक येतं.

---

पारिजात७ | बुधवार, सकाळी ९.४०

दोन्ही बँडला एकच नाव ठेवावं की वेगवेगळी? आमच्याकडे एकच आहे आणि फोन कायम २.४ ला चिकटलेला असतो.

---

सह्यकडा | बुधवार, सकाळी १०.०५

वेगळी ठेवा. लॅपटॉप आणि टीव्हीला फक्त ५ चं नाव द्या, बल्ब-कॅमेऱ्यांना २.४ चं. कोण कुठे आहे हे डोळ्यांना दिसतं, दोष शोधायला सोपं जातं.

---

गच्चीवरचा | बुधवार, सकाळी १०.३०

इथे माझं मत वेगळं आहे. दोष शोधत असताना वेगळी नावं ठीक, पण कायमची नकोत. फोन घरभर फिरतो. ५ च्या टप्प्याबाहेर गेला की वेगळ्या नावावर त्याला पूर्ण तुटून मग नव्याने जोडावं लागतं, चालू कॉल पडतो. एकच नाव असेल तर तो बँड बदलू शकतो. फोन २.४ ला चिकटतो कारण त्याला २.४ जास्त जोरात ऐकू येतं. २.४ ची पाठवण्याची ताकद 'हाय'वरून 'मीडियम' किंवा 'लो' करा, फोन आपोआप ५ कडे वळतो. २.४ ची रेंज घटेल, पण फ्लॅटमध्ये तेवढी लागत नाही. बल्ब-कॅमेऱ्यांसाठी गेस्ट नेटवर्क फक्त २.४ वर वेगळ्या नावाने काढा.

---

सह्यकडा | बुधवार, सकाळी १०.५०

ताकद कमी करण्याचा मुद्दा मान्य, आणि तो लोक करत नाहीत. स्वस्त राउटरांत बँड बदलायला लावणारं सेटिंग फार रांगडं असतं, उपकरणाला धक्का मारून बाहेर काढतं. म्हणून मी वेगळ्या नावांचा आग्रह धरतो. चांगला राउटर असेल तर तुमचं बरोबर.

बल्बांबद्दल: असे बहुतेक बल्ब फक्त २.४ जाणतात आणि पुष्कळांना डब्ल्यूपीए ३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) कळत नाही. सुरक्षा 'डब्ल्यूपीए २/३ मिश्र' असली तरी काही अडतात. त्या नेटवर्कला फक्त डब्ल्यूपीए २, एईएस ठेवा. पासवर्डात स्पेस आणि चिन्हं टाळा. बल्ब बरोबर तासातासाने सुटत असतील तर 'ग्रुप की' (सगळ्या उपकरणांची सामायिक किल्ली) बदलण्याचा कालावधी बघा, बहुधा ३६०० सेकंद असतो. तो ८६४०० करून पाहा.

---

वऱ्हाडी_ऊन | गुरुवार, दुपारी ३.२०

अकोला. इथला प्रकार वेगळा आहे. राउटर दिवसातून चार-पाचदा आपोआप बंद होऊन चालू होतो, उन्हाळ्यात जास्त. अपटाइम कधी ६ तासांच्या वर जात नाही. बंद शोकेसमध्ये ठेवला आहे.

---

सोल्डरगन | गुरुवार, सायंकाळी ६.४५

अपटाइम शून्यावर येतो म्हणजे वीज किंवा उष्णता. वायफाय सेटिंगला हातही लावू नका.

घरगुती राउटर सहसा ४० अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो. तुमच्याकडे बाहेर ४४-४५ असताना बंद शोकेसमध्ये किती होत असेल? आधी तो बाहेर काढा, भिंतीला टांगा, वरखाली हवा खेळू द्या. वर कव्हर किंवा विणलेला रुमाल नको.

दुसरं, अडॅप्टर. त्यावरचा आकडा वाचा, समजा १२ व्होल्ट १.५ अँपिअर. मल्टिमीटरने रिकामा मोजलात तर मेलेला अडॅप्टरही १२ दाखवतो. मोजायचा तो भाराखाली: राउटर चालू, त्यावर दोन-तीन फोनवर व्हिडिओ चालू. ११.४ च्या खाली उतरला की बदला. आतला कपॅसिटर उन्हाने सुकतो. मग सरासरी व्होल्टेज बरं दिसतं, पण भार वाढला की क्षणभर खड्डा पडतो आणि राउटर रीस्टार्ट होतो. तो खड्डा मीटरला पकडता येत नाही. म्हणून शंका असेल तर तेवढ्याच व्होल्टेजचा दुसरा अडॅप्टर दोन दिवस लावून बघणं हीच खरी चाचणी. व्होल्टेज तंतोतंत तेच हवं, अँपिअर जास्त चालतात, कमी नाही. पिनेचं माप जुळवा: बाहेरून ५.५ मिलिमीटर दोन्ही सारख्याच दिसतात, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ असतं. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटात जाते आणि ढिली बसते, धक्का लागला की वीज तुटते.

लाइट जाऊन इन्व्हर्टरवर पडताना राउटर बंद होत असेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. पण फायबरच्या डब्यालाही हवा, नाहीतर वायफाय राहतं आणि नेट जातं. दोघांचे अँपिअर मिळवून यूपीएसच्या क्षमतेशी ताडून बघा.

---

चिऱ्याचं_घर | शुक्रवार, सकाळी ११.१०

मालवणजवळ, जांभ्याच्या चिऱ्यांचं जुनं घर, भिंती फूट-सव्वा फूट जाड. माजघराच्या पलीकडे काहीच मिळत नाही, पावसाळ्यात अजून वाईट. रिपीटर लावला, रेंज आली पण वेग अगदीच पडला.

---

गच्चीवरचा | शुक्रवार, दुपारी १.३०

जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवतो, आणि ओली भिंत सिग्नल जास्त खाते. त्यामुळे पावसाळ्यातलं निरीक्षण बरोबर आहे. रिपीटर तोच निरोप तोंडाने दोनदा सांगतो, एकदा ऐकताना आणि एकदा पुढे पाठवताना. एकाच बँडवर चालत असेल तर वेग निम्म्यावर येतो, आणि तुमचा तर ऐकतोही त्याच जाड भिंतीमागून. वायरलेस मेशलाही हीच भिंत नडेल. तुमच्या घराला उपाय एकच: केबल.

जुना कुठलाही राउटर चालेल. त्याला एकटा लॅपटॉपला जोडा. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (मुख्य १.१ असेल तर), डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षा मुख्य राउटरसारखीच ठेवा, चॅनल मात्र वेगळं: मुख्य १ वर तर हा ६ किंवा ११ वर. मग मुख्य राउटरच्या लॅन पोर्टातून केबल आणून याच्याही लॅन पोर्टात घाला, वॅन (इंटरनेटच्या) पोर्टात नाही. सगळ्यांत जास्त चूक इथेच होते. डीएचसीपी चालू राहिला तर दोघं पत्ते वाटत सुटतात आणि आठवड्याने 'कधी चालतं, कधी नाही' सुरू होतं.

केबल अख्ख्या तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त पडते पण वाकवली की आत तुटते. आठपैकी एक तार जरी तुटली तरी जोडणी १००० वरून १०० वर उतरू शकते, म्हणून जोडल्यावर पोर्टचा वेग नक्की बघा. भिंतीला भोक पाडाल ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं, म्हणजे पाणी आत येत नाही. आणि केबल बाहेरून गोठ्याकडे किंवा दुसऱ्या इमारतीत नेणार असाल तर तांब्याची अजिबात नको. कोकणातल्या विजा त्या वाटेने दोन्हीकडची यंत्रं जाळतात. तिथे फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि केबल जोडणारे डबे).

---

पारिजात७ | शुक्रवार, रात्री ९.००

केबलवरच पिंग तुटत असेल तर काय करायचं? आमच्याकडे तसं निघालं.

---

सोल्डरगन | शुक्रवार, रात्री ९.३५

फायबरच्या डब्याच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद लिहिलेली असते. नेहमीच्या जीपॉन (घरगुती फायबरची पद्धत) डब्यांना उणे ८ ते उणे २७ डीबीएम चालते. उणे २५ च्या पुढे गेली असेल तर ती काठावर आहे, तक्रारीत हा आकडा लिहा. 'नेट स्लो आहे' यापेक्षा तो जास्त काम करतो. तक्रारीआधी वायर बघा: खिळ्याला घट्ट गुंडाळलेली, दारात चिमटलेली, कपाटामागे दुमडलेली? मोकळा वळसा किमान बशीएवढा हवा. हिरवं कनेक्टर उघडलंत तर टोकाला बोट लावू नका आणि टोकात डोळा घालून बघू नका. लाल 'लॉस' (सिग्नल येत नसल्याचा) दिवा लागला असेल तर घरात करण्यासारखं काही नाही, लाइनमन बोलवा.

---

निळी_खिडकी | पुढचा मंगळवार, रात्री १०.००

सगळं केलं. राउटर पॅसेजमध्ये, भिंतीवर साडेपाच फुटांवर. ५ गिगाहर्ट्झ चॅनल ३६, विड्थ ८०. २.४ चॅनल ११, विड्थ २०, ताकद मीडियम. डिस्क काढली. बल्बांना गेस्ट नेटवर्क, फक्त डब्ल्यूपीए २.

बेडरूममध्ये आता उणे ६२. पिंग १८०० पैकी २ गळाले, कमाल ४१ मिलिसेकंद. सहा दिवसांत रडारची ओळ एकदाही नाही. बल्ब टिकून आहेत. कॅमेरा मात्र दुपारी आणि रात्री जेवणाच्या वेळी सुटतो, तो स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे.

---

सह्यकडा | पुढचा मंगळवार, रात्री १०.२०

मायक्रोवेव्ह. तो २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि घरगुती ओव्हन विजेच्या प्रत्येक आवर्तनात साधारण १० मिलिसेकंद बडबडतो, १० गप्प बसतो. कॅमेरा त्या फटींतून कसाबसा बोलतो. त्याचा आवाज बँडच्या वरच्या अर्ध्यात जास्त असतो, म्हणून ११ ऐवजी १ करून बघा, आणि ओव्हन चालू ठेवून पिंग मोजा. नाही भागलं तर कॅमेरा ओव्हनपासून निदान दोन-तीन मीटर लांब न्या.

आणि एक, आत्ताची सगळी सेटिंग्ज वहीत लिहून ठेवा. काही राउटर फर्मवेअर अपडेट झालं की चॅनल आणि विड्थ परत ऑटोवर नेतात. पुन्हा तुटायला लागलं तर आधी ती दोन सेटिंग्ज बघा.

---

निळी_खिडकी | पुढचा बुधवार, दुपारी २.१०

चॅनल १ केलं. ओव्हन पाच मिनिटं चालू ठेवून मोजलं: कॅमेऱ्याला ३०० पैकी ९ गळाले, कॅमेरा सुटला नाही. ११ वर हेच ७० च्या वर जात होते.